पाठुंगळीचा हिशेब

चालता येते पण फार चालवत नाही, आणि उचलून घेतले तर खाली उतरण्याचा हट्ट धरल्यावाचून राहवत नाही, अशा दीड ते तीन वर्षांच्या मुलाला बरोबर घेऊन ज्या आईबापांना डोंगर चढावयाचा असतो, त्यांच्यापुढचा प्रश्न वरकरणी केवळ एका पिशवीच्या खरेदीचा दिसत असला, तरी त्यात शरीररचना, हवामान, वाटेचा चढउतार आणि घरातील माणसांची उंची अशा इतक्या निरनिराळ्या बाबी एकत्र येतात की दुकानदाराच्या शिफारशीवर भिस्त ठेवून त्याचा निकाल लावणे शहाणपणाचे ठरत नाही. तान्ह्या मुलाची गोष्ट सोपी. ते जिथे ठेवावे तिथे राहते. पाच वर्षांचे मूल, कुरकुर करीत का होईना, स्वतःच्या पायांनी वर पोहोचते. मधल्या वयाच्या स्वारीची तऱ्हा मात्र निराळीच असते: तिला दहा पावले चालावयाचे असते, अकराव्या पावलावर एक गोटा उचलावयाचा असतो, बाराव्यावर बसकण मारावयाची असते, आणि एवढे झाल्यावर ती दोन्ही हात वर करून समोर उभी राहते.

या विषयावरील लेखन बहुधा आल्प्स किंवा रॉकीज पर्वतांतील दिवसभराच्या पायपिटीला समोर ठेवून झालेले असते, आणि त्यातील सल्ला जसाच्या तसा उचलून धाराशिव जिल्ह्यात आणला तर तो अंगाला बसत नाही. इथला डोंगर म्हणजे बालाघाट: माथ्यावर सपाट, कडेला एकाएकी तुटलेला, काळ्या बेसॉल्टचा, बाभळी-बोरींनी काटेरी झालेला. हातलादेवीचा डोंगर, धाराशिव शहरापासून थोड्या अंतरावर डोंगरात कोरलेली प्राचीन लेणी, येडशीचे रामलिंग, येरमाळ्याच्या येडेश्वरीची टेकडी, भूम तालुक्यातील कुंथलगिरीचे जैन सिद्धक्षेत्र, नळदुर्गाचा विस्तीर्ण कोट, ही इथली फिरण्याची ठिकाणे. आणि यांपैकी कोणतेही ठिकाण असे नाही की जिथे सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला खाली येऊ शकत नाही. चढ थोडा, अंतर बेताचे, परंतु सावली दुर्मीळ आणि ऊन निर्दय, अशी या मुलखाची प्रकृती असल्यामुळे इथे मूल पाठीवर वाहण्याची पिशवी, म्हणजे कॅरियर, निवडताना अंतरापेक्षा उन्हाला आणि टिकाऊपणापेक्षा सुटसुटीतपणाला अधिक मान द्यावा लागतो, हे माझे मत मी आरंभीच नोंदवून ठेवतो; पुढील विवेचन त्याच्याच पुष्ट्यर्थ आहे.

मूल वाहून नेण्याची विद्या या जिल्ह्याला नवी नाही. पहिले जावळ तुळजाभवानीच्या पायाशी काढण्याचा कुळाचार ज्या घराण्यांत आहे, त्यांची मुले चालू लागण्याच्या सुमारासच तुळजापूरची वाट धरतात, आणि कोजागरीच्या पौर्णिमेस सोलापूरहून तुळजापुरापर्यंत रात्रभर पायी चालणाऱ्या हजारोंच्या गर्दीत बापाच्या खांद्यावर डुलक्या घेणारी पोरेही दृष्टीस पडतात. कडेवर, खांद्यावर, पाठुंगळीस आणि झोळीत हे आपले चार परंपरागत प्रकार होत. कडेवर घेतलेले मूल आईच्या नितंबास्थीवर टेकते, त्यामुळे भार योग्य जागी पडतो खरा, परंतु एक हात कायमचा गुंततो आणि पाठीचा कणा एका बाजूस कलतो. सपाट रस्त्यावर हे चालून जाते, पायऱ्यांवर धोक्याचे होते. खांद्यावर बसविलेल्या मुलाला जगाचा देखावा उत्तम दिसतो, पण वाहणाऱ्याचा गुरुत्वमध्य इतका वर सरकतो की पाय घसरला असता तोल सावरण्यास वाव राहत नाही, शिवाय मुलाला धरावयास बापाच्या केसांखेरीज दुसरा आधार नसतो. पाठुंगळीस घेतलेले मूल जागे असेतोपर्यंत ठीक. ते झोपले की त्याची मिठी सुटते आणि वाहणाऱ्याला दोन्ही हात मागे बांधून कैद्यासारखे चालावे लागते.

राहता राहिली झोळी. भूम, परंडा, वाशी, कळंब या तालुक्यांतून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची मुले फडाच्या कडेला झाडाच्या फांदीस किंवा कोपीच्या आढ्याला बांधलेल्या लुगड्याच्या झोळीत वाढतात, आणि भटक्या जमातींतील बाया तीच झोळी अंगाला बांधून कोसच्या कोस चालतात. या झोळीचे दैन्य विसरून तिचे गोडवे गाणे मला मान्य नाही. ज्या मुलाला पाळणाघर मिळावयास हवे होते त्याला ती मिळाली, एवढाच तिचा इतिहास आहे. तथापि तिची घडण मात्र अचूक आहे. कापडात बसलेल्या मुलाचे ढुंगण खाली, गुडघे त्याहून किंचित वर, मांड्या फाकलेल्या आणि पाठ सहज गोलावलेली अशी जी स्थिती होते, तीच आजचे अस्थितज्ज्ञ लहान मुलाच्या खुब्याच्या सांध्यासाठी, विशेषतः पहिल्या काही महिन्यांत, हितकर मानतात. जपानमधील ओम्बुहिमो, कोरियातील पोदेगी, मेक्सिकोतील रेबोसो ही सारी त्याच घडणीची भावंडे आहेत. १९६० च्या दशकात पश्चिम आफ्रिकेतील टोगो देशात परिचारिका म्हणून गेलेल्या ॲन मूर या अमेरिकन बाईंनी तिथल्या बायकांच्या पाठीवरची निवांत मुले पाहिली, मायदेशी परतल्यावर आपल्या मुलीसाठी तशी पिशवी शिवून घेतली, आणि १९६९ साली तिचे पेटंट मिळविले. ‘स्नगली’ या नावाने खपलेल्या त्या पिशवीपासून आजच्या मऊ कॅरियरांची वंशावळ सुरू होते.

चौकटीच्या कॅरियरांचे कूळ वेगळे. ते गिर्यारोहकांच्या सॅकमधून उतरले आहे. १९५२ साली कॅलिफोर्नियात डिक केल्टी याने ॲल्युमिनियमच्या नळ्यांची चौकट आणि कंबरेचा पट्टा असलेली सॅक विकावयास काढली, तेव्हापासून ओझे खांद्यावरून कंबरेवर उतरविण्याची कल्पना सर्वत्र रूढ झाली, आणि पुढे त्याच चौकटीवर सामानाच्या जागी मूल बसविण्यात आले. जर्मनीच्या ऑग्सबर्ग येथे १८९८ साली सुरू झालेली डॉयटर, अमेरिकेतील १९७४ ची ऑस्प्रे अशा सॅक बनविणाऱ्या जुन्या कंपन्याच आज या चौकटीच्या कॅरियरांत अग्रेसर असाव्यात, हे त्यामुळे स्वाभाविकच आहे.

ओझ्याचे वाटप हा या साऱ्या विद्येचा गाभा होय, आणि त्याचा एक उत्तम धडा धाराशिवच्याच भूमीवर गिरविला गेला आहे. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज इंजिनियराने १८९७ साली बार्शी लाइट रेल्वे सुरू केली. अडीच फुटी रुळांचा हा मार्ग पुढे वाढत वाढत येडशीवरून १९११ साली लातुरास पोहोचला. कॅल्थ्रॉपचा सिद्धांत असा होता की इंजिन असो वा मालडबा, कोणत्याही आसावर ५ टनांहून अधिक भार पडू द्यावयाचा नाही आणि सर्व आसांवर तो समप्रमाणात वाटावयाचा. एवढे साधले की दर वाराला अवघ्या ३० पौंडांचे हलके रूळ टाकूनही मोठी वाहतूक निभावता येते. त्याने ती निभावून दाखविली. (याच गृहस्थाने पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळात ‘गार्डियन एंजल’ नावाचे पॅराशूट तयार केले, म्हणजे पट्ट्यांनी माणूस सुरक्षित बांधण्याचा प्रश्नही त्याच्या नजरेतून सुटला नव्हता.) माणसाचे खांदे हे असेच हलके रूळ आहेत. त्यांच्यावर पंधरा किलो लटकविले तर मानेचे स्नायू पाऊण तासात तक्रार करू लागतात. तेच वजन कटीच्या हाडांवर टेकविले तर ते थेट मांड्यांच्या बलाढ्य स्नायूंकडे जाते आणि खांद्यांना केवळ तोल सांभाळण्याचे काम उरते. यास्तव कॅरियर पाहताना प्रथम त्याचा कंबरपट्टा पाहावा. तो रुंद, भरीव आणि आपल्या कटीस सर्व बाजूंनी वेढणारा नसेल, तर छत्रीचा रंग आणि खिशांची संख्या पाहण्यात वेळ दवडू नये.

पट्टा कुठे बसतो हेही तितकेच महत्त्वाचे. पोटावर आवळलेला पट्टा निरुपयोगी; तो नितंबास्थीच्या वरच्या काठावर, म्हणजे कंबरेवर हात ठेवून उभे राहिले असता अंगठ्याखाली जे हाड लागते त्यावर, यावयास हवा. मान खाली घातली असता मानेच्या तळाशी जो मणका ठळक होतो, तिथपासून या हाडांच्या रेषेपर्यंतचे अंतर म्हणजे पाठीची लांबी, आणि कॅरियरचा मापदंड तीच आहे; माणसाची एकूण उंची नव्हे. नवराबायकोच्या पाठीच्या लांबीत चार-पाच बोटांचा फरक असणे नित्याचे, आणि आपल्याकडे तर वाहणारे दोघांवर थांबत नाहीत: जावळाला निघालेला मामा, हौसेने पुढे होणारा काका, ‘मला अजून झेपते’ असे बजावणारे आजोबा, हे सारे क्रमाने त्याच पट्ट्यांत शिरतात. त्यामुळे पाठीची लांबी चटकन कमीजास्त करता येते की नाही ही बाब आपल्या एकत्र कुटुंबांत परदेशी ग्राहकापेक्षा अधिक अगत्याची ठरते. साडी नेसून चालणाऱ्या बाईची अडचण तर कोणत्याच कारखानदाराच्या ध्यानी आलेली दिसत नाही. निऱ्यांचा खोचलेला जाड घोळ नेमका पट्ट्याच्या बक्कलाखाली येतो, पट्टा हाडावर न बसता कापडावर बसतो, आणि शंभर पावलांत ढिला होतो. डोंगरावर मूल वाहावयाचे असेल तर त्या दिवसापुरता सलवार-कमीज बरा. साडीच नेसावयाची असेल तर मूल दुसऱ्याच्या पाठीवर द्यावे.

आता वजनाचा जमाखर्च मांडू. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यांनुसार मध्यम प्रमाणाचा मुलगा एक वर्षाचा असताना ९.६ किलो, दोन वर्षांचा असताना १२.२ आणि तीन वर्षांचा असताना १४.३ किलो भरतो. मुलींचे आकडे याहून किंचित कमी. दोन वर्षांच्या मुलाचे १२ किलो धरले, चौकटीच्या कॅरियरचे स्वतःचे सुमारे साडेतीन किलो मिळविले, दोन लिटर पाण्याचे दोन किलो आणि कपडे, खाऊ, लंगोट यांचे दीड किलो घातले, तर बेरीज १९ किलो होते. साठ किलोंच्या पुरुषाच्या वजनाचा हा जवळजवळ तिसरा हिस्सा. पन्नास किलोंच्या स्त्रीच्या बाबतीत हे प्रमाण शेकडा ३८ वर जाते. शाळकरी मुलांच्या दप्तराचे वजन त्यांच्या वजनाच्या शेकडा १० हून अधिक असू नये असे केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तरविषयक धोरणात म्हटले आहे. त्याच मुलांच्या पालकांसाठी असे धोरण कोणी केलेले नाही. तात्पर्य, पाणी आणि सामान दुसऱ्याच्या पाठीवर घालावे, आणि मूल वाहणाऱ्याने मूलच वाहावे. एकट्याने मूल घेऊन बालाघाटात जाऊ नये, याचे एक कारण हेही आहे.

कॅरियरवर छापलेली भारमर्यादा वाचताना एक खबरदारी घ्यावी. ती मर्यादा कशाची, हे कंपनीगणिक बदलते. उदाहरणार्थ, ऑस्प्रेच्या पोको जातीच्या कॅरियरची २२ किलोंची मर्यादा मूल, सामान आणि खुद्द कॅरियर मिळून आहे. घाईने वाचणारा ग्राहक ती केवळ मुलाची समजून फसतो. खालची मर्यादाही असते. जे मूल आधारावाचून बसत नाही आणि मान धरीत नाही, ते चौकटीत बसविण्यास योग्य नसते, व वजनाने सात-साडेसात किलोंच्या आतले मूल पट्ट्यांत सैल राहते. अमेरिकेत चौकटीच्या कॅरियरांसाठी एएसटीएम एफ२५४९ हे मानक असून २०१५ साली तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाने ते कायद्याने बंधनकारक केले. युरोपात ईएन १३२०९ हे मानक आहे. पायांच्या भोकांतून मूल निसटणार नाही, उभे ठेवलेले कॅरियर सहज उलथणार नाही, बक्कल आपोआप सुटणार नाही, अशा गोष्टी ही मानके तपासतात. यांपैकी एकाचाही उल्लेख ज्या मालावर नाही, त्याच्या स्वस्ताईचा मोह धरू नये.

मऊ कॅरियर की चौकटीचे, हा वादाचा मुद्दा. चौकटीच्या कॅरियरचे गुण उघड आहेत: कंबरेवर उतरणारा भार, मुलाच्या आणि वाहणाऱ्याच्या पाठींमध्ये खेळणारी हवा, डोक्यावर छत्री, मागे सामानाची जागा, आणि जमिनीवर टेकविण्यास पाय. मऊ कॅरियर दोन्ही शरीरे एकमेकांस चिकटविते, आणि धाराशिवच्या हवेत त्याचा परिणाम काय होतो हे घामाने भिजलेल्या सदऱ्याला विचारावे. परंतु ते वजनाने किलोच्या आसपास, घडी करून एसटीच्या सीटखाली मावणारे, आणि किमतीने चौकटीच्या कॅरियरच्या कितीतरी आत असते. चौकटीचे परदेशी कॅरियर घ्यावयाचे म्हणजे पाच आकडी रक्कम मोजावी लागते. मात्र माझ्या मते खरा निर्णायक मुद्दा या दोन्ही यादींबाहेरचा आहे, आणि तो म्हणजे चढणे-उतरणे. प्रस्तुत प्रवासी क्षणाक्षणाला पायउतार होऊ पाहतो. चौकटीचे कॅरियर दर वेळी काढून, पाय उघडून, सपाट जागी टेकवून, पाच ठिकाणचे पट्टे सोडून मुलाला बाहेर काढावे लागते, आणि पाच मिनिटांनी तोच विधी उलट क्रमाने करावा लागतो. तिसऱ्या वेळेनंतर बाप मुलाला उतरू देत नाही. चौथ्या वेळेस मूल रडू लागते. आणि सहलीचा आनंद तिथेच संपतो. ज्याला मुलाला अर्ध्याहून अधिक वाट चालवावयाची आहे, त्याने मऊ कॅरियर कमरेला बांधून ठेवावे व लागेल तेव्हा वर ओढावे. ज्याला तास-दीड तास सलग चालावयाचे आहे आणि तेही उन्हात, त्याला चौकटीवाचून गत्यंतर नाही.

चौकटीचे कॅरियर घेतल्यास आतील आसनाची परीक्षा मुलाला बसवूनच करावी. आसन रुंद असून मांडीला गुडघ्यापर्यंत आधार देते की नाही, की मूल दोरीवर बसल्यासारखे मधल्या पट्टीवर लोंबते, हे पाहावे. लोंबणाऱ्या पायांवर मांडीच्या मुळाशी दाब पडतो, पायांतले रक्ताभिसरण मंदावते आणि पाय बधिर होतात. म्हणून पावले टेकविण्यास रिकिबी असाव्यात व त्या उंचीप्रमाणे बदलता याव्यात. मूल हटकून झोपते, त्या वेळी मान एका बाजूस लुडकू नये यासाठी समोर आणि दोन्ही बाजूंस उशी हवी. हनुवटी छातीस टेकून झोपलेले मूल लगेच सरळ करावे, आणि तासाभराने तरी मुलाला बाहेर काढून हातपाय हलवू द्यावेत. पट्टे बांधण्याचा क्रमही ठरलेला असावा: आधी मुलाचे पट्टे, मग आपला कंबरपट्टा, मग खांद्यांचे, शेवटी छातीचा. कॅरियर पाठीवर चढविताना दुसऱ्या माणसाने ते मागून धरावे. आणि कॅरियरला पाय आहेत म्हणून मुलासकट ते तटाच्या कठड्यावर, बुरुजावर किंवा देवळाच्या ओट्यावर ठेवून फोटो काढण्याची जी चाल पडली आहे, तिचा मी तीव्र निषेध करतो. ते पाय सपाट जमिनीसाठी आणि तेही हाताचा आधार असतानाच आहेत.

ऊन हा या जिल्ह्यातील सर्वांत मोठा शत्रू. चैत्र-वैशाखात पारा ४० अंशांच्या वर जातो, आणि काळा दगड दुपारपर्यंत इतका तापतो की उष्णता वरून जितकी, तितकीच खालून येते. लहान मुलाच्या शरीराचे पृष्ठफळ त्याच्या वजनाच्या मानाने मोठ्या माणसापेक्षा जास्त असल्यामुळे बाहेरची उष्णता त्याच्या अंगात लवकर शिरते, आणि ते स्वतः पाणी मागत नाही. कॅरियरची छत्री सावली देते हे खरे, पण तिच्याभोवती ओढणी किंवा टॉवेल गुंडाळून सर्व बाजू बंद करण्याची आपल्याकडील सवय घातक आहे, कारण आतली हवा कोंडते आणि तापते. छत्री उघडी, टोपी सुती, पाणी दर अर्ध्या तासाला, आणि लघवी वेळेवर होते की नाही यावर लक्ष, हा बंदोबस्त असावा. येरमाळ्याची यात्रा चैत्र पौर्णिमेला भरते आणि तिथे मुले न्यावीच लागतात हे मला ठाऊक आहे; पण नवस फेडावयाचा तो पहाटे फेडावा. हिवाळ्यात उलट प्रकार घडतो. पौष-माघातील सकाळी चढणाऱ्या बापाला घाम फुटलेला असतो आणि त्याच वेळी पाठीवरचे निश्चल मूल गारठत असते, कारण चालण्याची ऊब त्याला मिळत नाही. आपल्या अंगावरून त्याच्या थंडीचा अंदाज बांधू नये. कुंची, पायमोजे आणि पायजम्याच्या वर सरकलेल्या काठाखाली उघडी पडणारी पोटरी, या तिन्हींना हात लावून पाहावे.

ठिकाणाप्रमाणे निवड बदलते, ते असे. येडशीचे रामलिंग दरीत आहे; जाताना पायऱ्या उतरावयाच्या आणि परतताना चढावयाच्या, म्हणजे मूल कंटाळलेले आणि बाप थकलेला असताना सगळा चढ शिल्लक राहतो. इथे मूल जाताना चालवावे, येताना कॅरियरमध्ये घालावे. १९९७ पासून हा परिसर अभयारण्य आहे, मोर क्वचित दिसतो, वानरे नेहमीच. आणि पाठीमागे बसलेल्या मुलाच्या हातातील केळ्यावर वानराने झडप घातली तर ती पुढच्या माणसाला कळतसुद्धा नाही, सबब कॅरियरमध्ये बसलेल्या मुलाच्या हाती खाद्यपदार्थ देऊ नये. लेण्यांच्या वाटेवर आणि जुन्या कड्यांना आग्या मोहोळे लटकतात. धूर, अत्तर आणि आरडाओरडा तिथे वर्ज्य. काटेरी वाटांवर चौकटीच्या कॅरियरचा माथा वाहणाऱ्याच्या डोक्यावर वीतभर असतो हे सतत स्मरणात ठेवावे लागते: आपण वाकून बाभळीखालून निघतो आणि फांदी मुलाच्या तोंडावर बसते.

हीच गोष्ट नळदुर्गास अधिक तीव्रतेने जाणवते. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या अमदानीत, १६१३ साली, बोरी नदीवर घातलेल्या बांधाच्या पोटात जो पाणीमहाल आहे, त्याचा जिना अरुंद आणि दगड ओलसर. पावसाळ्यात नर आणि मादी हे दोन्ही धबधबे कोसळू लागले की गर्दीही उसळते. चौकटीचे कॅरियर पाठीवर असताना तो जिना उतरू नये. मूल बाहेर काढून पोटाशी घ्यावे, कॅरियर वरच सोबत्याजवळ ठेवावे. किल्ल्यातील उपळ्या बुरुजाच्या उंच पायऱ्याही पाठीवर मूल घेऊन चढण्याजोग्या नाहीत, आणि वरून दिसणारा देखावा दीड वर्षाच्या मुलाला पुढे आठवणारही नाही. परंड्याचा किल्ला मात्र भुईकोट; तिथे मूल सोडून द्यावे आणि मागे मागे हिंडावे, कॅरियरची गरजच नाही. विजापूरची सुमारे ५५ टनांची मुलूखमैदान तोफ १६३२ साली इथूनच नेली गेली, त्या ओझ्यापुढे आपली तक्रार लहानच.

खरेदी करताना दुकानात मूल घेऊन जावे, ते शक्य नसेल तर दहा किलो तांदळाचे पोते घालून तरी निदान वीस मिनिटे दुकानात फिरावे. रिकामे कॅरियर प्रत्येकाच्या पाठीवर सुखद वाटते. जुने घेत असाल तर पट्ट्यांची शिवण ओढून पाहा, बक्कले पुनःपुन्हा उघडझाप करून पाहा, आणि उन्हाने रंग उडालेले नायलॉन नाकारा, कारण रंगाबरोबर त्याची ताकदही गेलेली असते. तीन वर्षांचे १४ किलोंचे मूल, साडेतीन किलोंचे कॅरियर आणि पाणी-सामानाचे साडेतीन किलो यांची बेरीज २१ किलो होऊन २२ किलोंच्या हद्दीस येऊन भिडते, म्हणजे एका मुलामागे या वस्तूचे आयुष्य फार तर दोन वर्षांचे, आणि त्यातही बालाघाटात मूल घेऊन हिंडण्याजोगे महिने श्रावणापासून माघापर्यंतचे. एवढ्यासाठी नवीन घेण्यापूर्वी भावंडांत, मित्रांत आणि पुण्या-सोलापुरातील गिर्यारोहक ओळखीच्यांत चौकशी करावी. बहुतेक घरांतून हे कॅरियर माळ्यावर पडलेले आढळते. उसने मिळत असल्यास उसनेच घ्यावे, विकत घेतल्यास मूल तीन वर्षांचे होताच पट्टे धुऊन, उन्हात न वाळविता, पुढच्या घरी पोहोचते करावे.